भिजक्या बियांची सरासरी

आये, तुला लिहायचं म्हटलं की पहिली पंचाईत भाषेची होते. आपण दोघी जन्मभर बोललो मालवणीत, आणि कागद पुढे घेतला की माझ्या हातून ही कचेरीतली मराठी उतरते. तू असतीस तर चुलीकडे तोंड ठेवूनच म्हणाली असतीस, "माझा चेडू पुस्तकासारख्या बोलूक लागला!" म्हण बापडी. पण गेल्या आठवड्यात जे घडलं ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. घरी आल्या आल्या नवऱ्याला सांगितलं होतं. तो "अरे वा" म्हणाला आणि पुन्हा फोनमध्ये डोकं घातलं. त्याचा तरी काय दोष? त्याने ना तुला काजू कापताना पाहिलं, ना तुझ्या हातच्या करवंटीच्या दवल्याचा फटका खाल्ला. तेव्हा तूच ऐक.

मी पोटापाण्यासाठी नक्की काय करते, हे तुला सांगायची वेळच आली नाही. तू गेलीस तेव्हा मी पुण्यात शिकत होते, आणि तू साऱ्या वाडीला सांगत होतीस, "माझा चेडू कॉम्प्युटर शिकता." पुढे कोणी "म्हणजे काय गो?" असं विचारलं की तू विषय बदलायचीस, हे मला नंतर कळलं. तर ऐक. लोकांकडे आकड्यांचा ढीग असतो आणि त्यातून त्यांना काही कळत नसतं. मी तो ढीग एका प्रोग्रॅममध्ये नीट लावून देते. मग त्यांनी विचारावं आणि पडद्यावर उत्तर यावं. अमुक महिन्यात काय झालं, तमुक माणसाने काय केलं, दोन्ही एकत्र बघितलं तर काय दिसतं. पुण्याची कामं मी मालवणात घरी बसून करते. इथलीही येतात, कधी एखादा हॉटेलवाला, कधी तळेऱ्याकडचा आंब्याचा बागायतदार. आणि या वर्षी आपल्या गावचा काजू कारखाना.

हो, तोच. तुझाच. पत्रे बदललेत, बॉयलर नवीन आलाय, मालकाच्या खुर्चीत आता मुलगा बसतो. पण उजव्या हाताची लांब पडवी तशीच आहे आणि तिथे अजून बायका ओळीने बसून बिया कापतात. पायाने दांडा दाबायचा, दोन पात्यांमध्ये बी धरायची, आणि कवच उघडून आतला गर अख्खा बाहेर काढायचा. अख्खा आला तर कारखान्याचं नशीब, फुटला तर पाकळी, फारच फुटला तर कणी. पुढच्या हंगामाला मालक कापायचं मशीन आणतोय. हाताने कापायच्या निम्म्याच जागा राहणार. ज्या बायकांच्या हातून कमी फूट होते त्या पडवीत राहतील, बाकीच्यांना बाहेर खळ्यात बिया वाळत घालायचं काम. हे ठरवायला त्याला माझा रिपोर्ट हवा होता. त्याचं म्हणणं होतं की आपल्या मनाने कोणाला काढलं तर गाव बोलतं, कॉम्प्युटरने काढलं तर कोणी बोलत नाही. मी मनात म्हटलं, वा रे शाण्या, म्हणजे शिव्या मला!

त्या पडवीत आपली काकी अजून आहे. तुझ्या शेजारच्या पाटावर बसायची ती, नवी नवरी असताना कामाला लागलेली, तुझ्यापेक्षा बरीच लहान. आता तिचे गुडघे गेलेत. घरी एकटीच असते. मी पहिल्या दिवशी गेले तेव्हा काळ्या हातांनी माझा गाल धरायला आली आणि कवचातला चीक लागून भाजेल म्हणून मधेच थांबली. म्हणाली, "बसान काम आसा म्हणान टिकलंय गो बाये. खळ्यात घातल्यानी तर मी घरीच बसतलंय." चैत्र-वैशाखात कातळावरचं ते खळं कसं तापतं, हे तुला मी सांगायला नको. तिथे वाकून दिवसभर बिया उलटायच्या म्हणजे तिला काम सोड असंच सांगणं होतं.

आता यातली माझ्या धंद्याची गोम सांगते. घाबरू नको, तुला कळेल. कारण ती मला तूच शिकवलीस. या प्रोग्रॅममध्ये हिशेब करायचे दोन रस्ते असतात. एकाला म्हणतात कॅल्क्युलेटेड कॉलम. तक्त्यात एकेक ओळ असते, आणि आपण सांगायचं की प्रत्येक ओळीचा हिशेब त्या ओळीपुरता कर आणि तिच्याच शेवटी लिहून ठेव. तो आकडा मग तिथे चिकटतो. पुन्हा नवा माल भरेपर्यंत हलत नाही, कोणी काहीही विचारो. दुसरा रस्ता म्हणजे मेझर. ते कुठल्याच ओळीत लिहिलेलं नसतं. आपण फक्त रीत सांगून ठेवायची. कोणी विचारलं की ते उठतं, काय विचारलंय ते बघतं, तेवढ्याच ओळी गोळा करतं आणि तिथल्या तिथे नवा हिशेब करून सांगतं. चैत्राचं विचारलं तर चैत्राचं, काकीचं विचारलं तर काकीचं. लोक या दोघांत हटकून घोळ घालतात. चांगली शिकलेली मुलं घालतात. मला पुण्यात शिकवायला आलेल्या माणसाने दोन्ही समजावून सांगितलं तेव्हा वर्गात सगळे एकमेकांकडे बघत होते आणि मला मात्र बांगड्याच्या कढीचा वास येत होता.

तो दिवस तुला आठवतो का? मुंबईचे मामा जेवायला येणार होते. तू कारखान्यातून येईपर्यंत मी बांगडे धुऊन ठेवायचे होते आणि तुकड्यांना मीठ-हळद लावायची होती. मी लावली, प्रत्येक तुकड्याला एकेक चिमूट, अगदी शहाण्या मुलीसारखी. कढीचं खोबऱ्याचं वाटप तू सकाळीच वाटून गेली होतीस. मग माझ्या डोक्यात किडा वळवळला. म्हटलं, आई दमून येईल, कढी आपणच करून टाकू. मिठाचं काय? सोपं आहे! एका तुकड्याला एक चिमूट, तर जितके तुकडे तितक्या चिमटी कढीला. मी गणितात वर्गात पहिली होते ना, सगळं बरोबर मोजलं आणि घातलं. तू येतेस, पदर खोचतेस, दवल्याने थेंब तळहातावर घेऊन चाटतेस. मला ते तुझं तोंड अजून दिसतं. आधी एक डोळा मिटला, मग दुसरा. "समुद्र आणून वतलंस काय गो ह्यात!" आणि दवल्याचा एक फटका माझ्या पोटरीवर.

मी रडत रडत सांगितलं की मी प्रत्येक तुकड्याचं बघून बरोबर बेरीज केली. तेव्हा तुझा राग अर्धा उतरला आणि हसू आलं, ते तू लपवलंस. पातेल्यात नारळाचा रस ओतत, कोकमाची दोन सोलं टाकत तू म्हणालीस, "तुकड्याचा मीठ तुकड्याक, कढयेचा मीठ कढयेक. तुकड्याचा लावलंस, ता बरा केलंस, ता त्येका मुरला. पण त्येची बेरीज करून कढी होणा नाय. कढी पुरी एकत्र झाली की मगेच चाखूची. आणि जेवूक कोण आसा ता आधी बघूचा. आजी जेवतली तर कमी, बापूस शेतातसून इलो तर वायच जास्त. आधीच घालून ठेवलंस तर कोणाक बरा लागतला?" झालं. कॅल्क्युलेटेड कॉलम आणि मेझर. एवढंच त्या पुण्याच्या माणसाने फी घेऊन शिकवलं, आणि त्याने नारळाचा रसही घातला नाही.

आणि तरी सांगते, गेल्या आठवड्यात मी पहिल्यांदा तुकड्यांचीच बेरीज केली. मालकाने जी फाईल दिली त्यात त्याने स्वतःच प्रत्येक ओळीला फुटीचा टक्का काढून ठेवला होता. एक ओळ म्हणजे एका बाईला एका वेळी दिलेल्या बियांचा एक लॉट. किती किलो दिल्या, ओलावा किती, त्यांतल्या किती किलोंचा गर फुटला, आणि शेवटी टक्का. त्याला एकच हवं होतं: प्रत्येक बाईच्या टक्क्यांची सरासरी काढून द्या आणि छान रंगात दाखवा. मी म्हटलं, ठीक आहे बाबा, आधी तू म्हणतोस तसं करून बघते. केलं. बायकांची नावं वरून खाली लागली, आणि सगळ्यांत तळाला, लाल रंगात, काकी. आधी वाटलं, वय झालं, हात थरथरत असतील बिचारीचे. मग वाटलं, पण मी बघितलंय ना तिला कापताना! बोलत असते, माशी वारत असते, आणि गर आपला अख्खा टपकन ताटात पडतो. आकडा एक सांगत होता आणि डोळे दुसरं. अशा वेळी तू काय करायचीस? पुन्हा थेंब तळहातावर घ्यायचीस. मी तिच्या ओळी उघडून एकेक वाचायला बसले.

मोठे लॉट सगळे चांगले होते. फूट नावाला. पण मधूनमधून बारके बारके लॉट होते, दोन किलो, तीन किलो, आणि त्यांत निम्मा गर फुटलेला. शेजारी ओलाव्याचा आकडा बघितला तेव्हा उलगडा झाला. त्या भिजक्या बिया होत्या. अवकाळी पाऊस पडून गेला की कोणाच्या अंगणातल्या पसाभर बिया भिजतात, त्या मोठ्या मालात मिसळत नाहीत, वेगळ्या कापाव्या लागतात. भिजकी बी कवचाला चिकटून बसते आणि कशीही कापली तरी फुटते. बरं, आता सरासरीने काय केलं बघ. समज, शंभर किलोच्या लॉटमधले पाच किलो फुटले, टक्का पाच. दोन किलोच्या भिजक्या लॉटमधला एक किलो फुटला, टक्का पन्नास. सरासरी म्हणते, पाच आणि पन्नास, भागिले दोन, झाले साडेसत्तावीस! अगं पण मुळात एकशे दोन किलोत फुटले किती? सहा! म्हणजे शंभरात जेमतेम सहा. पसाभर भिजक्या बियांना सरासरीने पोतंभर बियांच्या मांडीला मांडी लावून बसवलं होतं. प्रत्येक ओळीचा टक्का खरा होता, त्याची मी शपथ घेते. पण त्यांची बेरीज करून कढी होत नाही ती नाहीच.

मग मी ती सरासरी पुसली आणि मेझर लिहिलं. एका ओळीचंच असतं ते: जेवढ्या ओळी समोर असतील त्यांतल्या फुटलेल्या सगळ्या बिया एकत्र कर, दिलेल्या सगळ्या बिया एकत्र कर, आणि मग भाग दे. आधी सगळं एका पातेल्यात, चाखायचं नंतर. एक कॉलमही ठेवला, कारण तुकड्याचं मीठ तुकड्याला लागतंच: ओलावा अमुकपेक्षा जास्त असेल तर त्या ओळीवर 'भिजकी', नाहीतर 'सुकी'. तो शिक्का ओळीचाच आहे, तो तिथेच चिकटलेला बरा; त्याच्यावर बोट ठेवूनच तर विचारायचं असतं की फक्त सुक्या दाखव, फक्त भिजक्या दाखव. दाखवल्या. सुक्यांमध्ये काकी वरून तिसरी. भिजक्यांमध्ये पहिली, तिच्याकडे निम्म्या फुटतात तिथे बाकीच्या एकदोघींनी कधी भिजकी घेतली त्यांच्याकडे जवळजवळ सगळ्याच फुटलेल्या. मी खुर्चीतून उठले आणि घरात कोणी नाही हे बघून जोरात एक टाळी वाजवली.

दुसऱ्या दिवशी स्कूटर काढून कारखान्यात गेले. मालकाला पडदा दाखवला. माणूस वाईट नाही, पण आपल्या हाताने केलेला हिशेब चुकला म्हटलं की कोणालाही लागतं. म्हणाला, "ताई, टक्का मी काढला तोच आहे, सरासरी पण बरोबर आहे. मग काकी खालची वर गेली कशी? ओळखीची आहे म्हणून तर नाही ना?" माझा पारा चढला. तुझीच लेक. म्हटलं, "तुमच्या घरी बांगड्याची कढी कोण करतं?" तो गोंधळला. मी त्याला कागदावर शंभर किलो आणि दोन किलो मांडून दिले. त्याने स्वतः भागाकार केला, पुन्हा केला, मग पेन खाली ठेवलं आणि मालवणीवर आला. "आयशप्पथ. बरोबर आसा गो तुझा." मग डोकं खाजवत विचारतो, "पण भिजकी बी सगळी हिच्याच ताटात कशी जाता? मी तर असा काय सांगूक नाय." मुकादमाला विचारलं तर तो म्हणाला की ती आपणहून मागून घेते, त्याला वाटायचं थोडा माल म्हणजे थोडं काम म्हणून. शेवटी काकीलाच बोलावलं.

ती पदराला हात पुसत आली, दारातच उभी राहिली. मालकाने विचारलं, "काकी, भिजक्यो बियो तूच कित्याक घेतंस?" आणि ती अशी बघायला लागली जसं काही त्याने विचारलंय की तू श्वास का घेतेस. "मगे कोणाक देव? त्या नव्या चेडवांका? भिजकी बी पात्याखालसून निसाटता आणि चीक तोंडार उडता. लग्नाची चेडवां ती. माझा तोंड आता कोण बघता!" आम्ही हसलो. मग ती माझ्याकडे वळली आणि अगदी सहज बोलली, भाताला पाणी किती घालायचं ते सांगावं तशी. "आणि ही काय माझी रीत नाय हां. ही हिच्या आवशीची. मी नवीन इल्लंय तेव्हा माझ्या ताटातली भिजकी बी तिनाच उचलून आपल्या ताटात घातल्यान. दर हंगामाक. म्हणान तर मुकादमान तिका फोडकी नाव ठेवल्यान. ती आपली हसा."

आवशीची म्हणजे तुझी, आये. मला पुढचं काही ऐकू आलं नाही.

फोडकी. हा शब्द मी शाळेत ऐकला होता. शनिवारी कारखान्यात ज्या बाईची जेवढी कणी तेवढी तिला स्वस्तात घरी न्यायला मिळायची, आणि तुझी पिशवी सगळ्यांत फुगलेली असायची. वाडीतली पोरं हिशेबाला पक्की. मोठी पिशवी म्हणजे जास्त फूट. "हिची आवस फोडकी!" मी त्यांना दगड मारले, पण घरी येऊन मनातल्या मनात मान्य केलं. आपली आई कढी चांगली करते, गाणी चांगली म्हणते, काजू मात्र फोडते. असतं एखाद्याचं. तो शिक्का मी तुझ्या प्रत्येक दिवसाला मारून ठेवला आणि तो तिथेच चिकटून राहिला, तू गेल्यावरही. कोणी तुझ्याबद्दल विचारलं की मी सगळं सांगायचे आणि शेवटी हसत म्हणायचे, काजू मात्र फोडायची हं. त्या पिशवीत दुसऱ्यांच्या ताटातल्या बिया आहेत, हे विचारायचं मला सुचलंच नाही. तूही बोलली नाहीस. का गो बोलली नाहीस? काकीच्या गोऱ्या गालावर चीक उडू नये म्हणून तू तुझे हात काळे केलेस, मनगटावरचे ते डाग, मला वाटायचं ते जन्मापासूनचेच आहेत. मला तुझा इतका अभिमान वाटला त्या कचेरीत, की मालकासमोर डोळे पुसावे लागले. तो बिचारा पाण्याचा तांब्या शोधायला लागला.

त्या दिवशी परत येताना एक वेडेपणा डोक्यात आला. तुझाही खरा आकडा काढावा. पण कशातून काढणार? तुझ्या वेळच्या ओळीच नाहीत. कोणी लिहिल्या नाहीत. कितीही चांगलं मेझर लिहिलं तरी ते रिकाम्या तक्त्यातून काय सांगणार. रिकामंच उत्तर देतं. मग माझ्याजवळ आहे तेवढंच गोळा केलं. बांगड्याची कढी, मनगटावरचे डाग, फुगलेली पिशवी, आणि मालवणच्या स्टँडवरची सकाळ. मी पुण्याला निघाले होते. एसटी लागली होती, तू खिडकीतून माझ्या हातात जुन्या लुगड्याच्या फडक्याची पुरचुंडी दिलीस. उघडून बघितली तर कणी. माझं तोंड पडलं. मी म्हटलं, "अख्खे नव्हते?" तू म्हणालीस, "अख्खे इकूक, कणी खावक. पोटात गेल्यार सगळीच कणी! हॉस्टेलच्या पोरींका वाटून खा." गाडी हलली तरी तू खिडकीबरोबर चालत होतीस आणि तेच सांगत होतीस, वाटून खा.

तर, पडवीतल्या निम्म्या जागा गेल्या त्या गेल्याच, ते मला थांबवता आलं नाही. पण काकी आहे. तिचा पाट तिला राहिला. आणि मालकाने ओळीवरचा 'भिजकी' शिक्का कायम ठेवायचं कबूल केलंय, म्हणजे पुढे जी कोणी नव्या मुलीच्या ताटातली भिजकी बी आपल्या ताटात घेईल तिला कोणी फोडकी म्हणणार नाही. कागद आवरून निघाले तर काकीने हाताला धरून पडवीत नेलं. खिडकीजवळच्या तुझ्या पाटावर बसवलं. "काप बघूया. कॉम्प्युटर बरो चलता, पाय चलता काय बघूया!" मी दांडा दाबला. खटक! दोन तुकडे. पुन्हा. तीन तुकडे. सुक्या, खणखणीत बिया दिल्या होत्या तिने, एकसुद्धा अख्खी निघेल तर शपथ. सगळी पडवी हसायला लागली आणि कोपऱ्यातली एक म्हातारी ओरडली, "आवस फोडकी नाय गो, चेडू फोडका!" इतकी मी बऱ्याच वर्षांत हसले नव्हते.

काकीने ती माझी कणी भट्टीत सुकवून, सोलून, आज रिक्षावाल्याच्या हाती मालवणात धाडली. फडक्यात बांधून, तुझ्यासारखीच गाठ मारून. लिहिताना एकेक तोंडात टाकतेय. नियमाने माझ्या नावाचाही एक लॉट तक्त्यात भरायला हवा, तो मी भरलेला नाही, आणि भरणारही नाही. हा कागदही घडी करून त्याच फडक्यात ठेवीन. तुला काही पोचायला नको, तुला सगळं आधीच ठाऊक असतं. एक सोडून. त्या दिवाळीला मी घरी आले तेव्हा तू पहिलंच विचारलंस, "कणी पोरींका दिलंस मा गो?" मी म्हटलं, हो, सगळ्यांना वाटली. तू खूश झालीस, "बरा केलंस" म्हणालीस. वाटली नव्हती, आये. पहिल्या दिवशी लाज वाटली म्हणून उशीखाली लपवली, आणि चव घेतल्यावर संपेल म्हणून लपवली. एकीलाही दिली नाही. सगळी मीच खाल्ली.